तिच्या नावाला हात लावण्याआधी

सीमाभागातील मराठी घरांना कागदाची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला, आणि तेव्हापासून आपले नाव कोणत्या लिपीत, कोणत्या भाषेत आणि कसे लिहिले जाते हा प्रश्न इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्याचा भाग झाला. या भागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही आता दोन दशके उलटली. या साऱ्या काळात इथल्या घरांनी आजोबांचा शाळेचा दाखला, मराठीतील जुना उतारा, खरेदीखत असे कागद ट्रंकेत जपून ठेवले, कारण आपण कोण आहोत हे उद्या सिद्ध करावे लागेल याची जाणीव त्यांना होती. कागदावरच्या नावाचे मोल इतके ओळखणाऱ्या या समाजात नव्या सुनेचे नाव मात्र लग्न झाल्यावर एक-दोन महिन्यांत बदलायला घेतले जाते, आणि तिला त्याबद्दल काय वाटते हे विचारण्याची गरज फारशा कोणाला वाटत नाही. मला ही रीत चुकीची वाटते. मुलीने स्वतःहून, विचार करून मागितल्याखेरीज लग्नानंतर तिच्या नावाला कोणी हात लावू नये. हा आग्रह कुठेही धरता येईल, पण सीमाभागात तो अधिक नेटाने धरावा लागतो, कारण इथे नाव बदलण्याची किंमत अधिक पडते.

ती कशी पडते हे एक उदाहरण कल्पून पाहू. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील एका मुलीचे लग्न सीमेअलीकडे बेळगाव तालुक्यात ठरले. हे काही विशेष नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि इकडे बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी यांच्यातील सोयरीक राज्यांच्या सीमेपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि १९५६ नंतरही ती थांबली नाही. या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आहे आणि त्यावर तिचे नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव आहे. पदवीचे प्रमाणपत्र त्याच नावाचे, पण इंग्रजीत आहे. सासरी आल्यावर शिधापत्रिकेत नाव घालायचे, तेव्हा मधले नाव नवऱ्याचे आणि आडनाव सासरचे होते आणि ते कन्नडमध्ये लिहिले जाते. संगणकावर नाव भरणाऱ्याच्या कानाला ‘नाईक’ऐवजी ‘नायक’ ओळखीचे असते, ‘परशराम’चा ‘परशुराम’ होतो, आणि कन्नडमधून पुन्हा इंग्रजीत येताना एखादे अक्षर वाढते किंवा गळते. दोन राज्ये, तीन लिप्या आणि दोन नावे यांतून एकाच बाईची चार-पाच कागदी रूपे तयार होतात. मग बँकेत, तहसीलदार कचेरीत, मुलांच्या शाळेत तिला स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे लागते की या सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे. तिच्या नवऱ्याला असे प्रतिज्ञापत्र आयुष्यात बहुधा एकदाही करावे लागत नाही.

स्पेलिंगच्या चुका पुरुषांच्या कागदांतही होतात, हे खरे आहे. परंतु पुरुषाच्या कागदात चूक झाली तर मूळ नाव एकच असते आणि चूक ही चूक म्हणून ओळखता येते. स्त्रीच्या बाबतीत चूक कोणती आणि बदल कोणता हेच समोरच्या कारकुनाला कळत नाही. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येते. त्यातील एक संधी लग्नाने खर्ची पडली, तर कन्नड-इंग्रजी रूपांतरातील चुकीसाठी एकच उरते. पुढे घटस्फोट झाला किंवा अन्य कारणाने जुन्या नावाकडे परतावेसे वाटले, तर काय करायचे? तो मार्गही सरळ नाही. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने जुने आडनाव पुन्हा घेणाऱ्या विवाहितेकडून घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र मागणारी सूचना काढली होती आणि तिला २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. नाव सोडताना कोणाची परवानगी लागली नाही, परत घेताना मात्र नवऱ्याची लागावी, यात बदलाची दिशा कोणाच्या सोयीची आहे ते स्पष्ट दिसते.

अलीकडे सरकारी योजनांमुळे हा प्रश्न अगदी गरीब घरातही पोहोचला आहे, म्हणूनच तो शिकल्या-सवरलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांपुरता आहे असे आता म्हणता येणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातील वडीलधारी स्त्री कुटुंबप्रमुख ठरली. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपये याच कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळू लागले आणि त्यासाठी शिधापत्रिका, आधार व बँक खाते एकमेकांशी जुळावे लागते. निपाणीतील विडी वळणाऱ्या बाईला भविष्य निर्वाह निधीसाठी हीच जुळणी करावी लागते. सीमेपलीकडे, २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, तेव्हा परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातील पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीसाठी नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल अशी सवलत द्यावी लागली. बेळगाव-खानापूरच्या अनेक लेकींना या सवलतीचा उपयोग झाला असेल आणि ती दिली हे बरेच झाले. पण त्यातून एक गोष्ट मान्य केली गेली, ती अशी की या बाईचे स्वतःचे कागद सीमा ओलांडताना निकामी होतात आणि तिला उभे राहायला नवऱ्याच्या कागदाचा आधार लागतो. दुसरीकडे जातीचा दाखला जन्मावरून, म्हणजे वडिलांकडून मिळतो, तेव्हा तिथे पुन्हा माहेरचे नाव काढावे लागते. सरकारला एका खिडकीवर तिचे एक नाव हवे असते आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरे.

पण कागदांची अडचण हेच माझे एकमेव कारण असते, तर उद्या सगळी कार्यालये सुधारली की माझा आग्रहही संपला असता. तसा तो संपणार नाही. या रीतीत स्त्रीच्या मागच्या वीस-पंचवीस वर्षांना जी किंमत दिली जाते, तिच्यावर माझा आक्षेप आहे. आपल्याकडे पूर्वी पहिले नावही बदलत असत. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीने नवे नाव लिहायचा आणि त्या क्षणापासून मुलीने त्या नावाला ‘ओ’ द्यायची. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या दोन थोर स्त्रिया, रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. या दोघींनी मिळालेल्या नावाचे सोने केले, हे त्यांचे कर्तृत्व आहे. परंतु नाव देताना त्यांना विचारले गेले नव्हते, आणि त्या वयात विचारण्याचा प्रश्नही नव्हता. आज पहिले नाव बदलण्याची चाल बरीच कमी झाली आहे. बेळगाव परिसरातही तांदळातले नाव पुष्कळदा हौसेपुरते लिहिले जाते आणि घरी-दारी कोणी ते वापरत नाही. म्हणजे रीत बदलू शकते, तिच्यावाचून लग्न मोडत नाही आणि सुनेचा जीव सासरी रमायचाही राहत नाही, हे आपण एकदा अनुभवलेले आहे. मधले नाव आणि आडनाव यांच्याबाबतीत तोच अनुभव यायला काय हरकत आहे?

इथे आपल्याच समाजातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण ती मला या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची वाटते. स्त्रीचे माहेर आपण विसरत नाही. सोयरीक जमवताना पहिल्या काही प्रश्नांतच ‘मामा कुठले?’ असे विचारले जाते, आजोळचे आडनाव आणि गाव विचारले जाते, मराठा घरांत देवक पाहिले जाते. लग्नपत्रिकेत मामांची नावे गावासकट छापली जातात आणि ती राहिली तर रुसवे होतात. वधूला मंडपात आणायला मामाच लागतो. खेड्यात जुन्या बायकांना सासरी हाक मारतानाही माहेरच्या गावावरून मारत, उचगावची, कडोलीची, तुडयेची, आणि अशी ओळख त्या बाईसोबत म्हातारपणापर्यंत राहत असे. म्हणजे आईचे कूळ, तिचे गाव, तिच्या भावांची नावे या गोष्टी समाजाच्या स्मरणात पक्क्या आहेत आणि मुलांच्या लग्नापर्यंत त्या कामी येतात. मग जे तोंडी इतके जपले जाते, ते कागदावरून पुसण्याचा अट्टाहास कुठून आला? नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव ही तीनपदरी मांडणी मुंबई इलाख्यातील शाळा, कचेऱ्या आणि जमिनीच्या दप्तरांनी घट्ट केली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईकडेच असल्यामुळे इथल्या कन्नड घरांतही ती रुजली, आणि जुन्या म्हैसूर भागात आद्याक्षरे लावतात तसे इथे फारसे होत नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावे इथे दोन्ही भाषांत सापडतात, नुसत्या आडनावावरून माणूस मराठी की कन्नड हे सांगता येत नाही. तेव्हा हा सनातन धर्म आहे, असे म्हणून कोणी या मांडणीचा बचाव करू नये.

जुन्या काळाकडेच बोट दाखवायचे असेल तर जिजाबाईंना आपण आजही लखुजी जाधवांची लेक म्हणून ओळखतो. बेळगावजवळच्या काकतीत जन्मलेल्या आणि १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या चन्नम्मांना दोन्ही भाषांतील लोक त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि कित्तूरच्या नावाने ओळखतात, नवऱ्याचे नाव अभ्यासकालाच आठवते.

आता विरोधातील म्हणण्यांकडे वळतो. सर्वांत जास्त ऐकू येणारे म्हणणे असे की एका घरात एकच आडनाव असले तर घर एक राहते. यावर मला एवढेच विचारायचे आहे की बेळगावच्या न्यायालयात बांधावरून आणि वाटणीवरून एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असतात का? घर एक राहते ते परस्परांच्या विश्वासाने आणि न्यायाने. मुलांचा गोंधळ होईल ही भीतीही टिकणारी नाही, कारण मुलांना आजोळचे आडनाव वेगळे आहे हे बोलू लागल्यापासून माहीत असते आणि त्याने त्यांची आजीवरची माया कमी होत नाही.

दुसरे म्हणणे अधिक विचार करायला लावणारे आहे. माहेरचे आडनाव तरी बाईचे कुठे असते, तेही वडिलांचेच, म्हणजे एका पुरुषाऐवजी दुसऱ्या पुरुषाचे, असे अनेक सुजाण माणसे विचारतात. पण पुरुषाचे आडनावही त्याच्या वडिलांकडूनच आलेले असते आणि ते त्याचे स्वतःचे नाही असे त्याला कोणी सांगत नाही. नाव वापराने आपले होते. ज्या नावाने ती शाळेच्या हजेरीत उभी राहिली, ज्या नावाने तिला बक्षीस मिळाले, परीक्षेच्या निकालात जे नाव तिने शोधले, ते तिचेच आहे. ते कोणाकडून आले हा वंशावळीचा प्रश्न झाला.

याच न्यायाने लग्नानंतर घेतलेले नावही एखादीचे पूर्णपणे स्वतःचे होऊ शकते, हे मी मनापासून मानतो. आपल्या बेळगावात राहून मराठी कवितेला मोठे दालन देणाऱ्या इंदिरा संत या माहेरच्या दीक्षित. पतीच्या अकाली मृत्यूनंतरही त्या ‘संत’ राहिल्या आणि ते आडनाव आज मराठी वाचकाला त्यांच्यामुळेच आठवते. त्यांच्या नावाला उपरे म्हणण्याचे धाडस कोण करील? ज्या स्त्रीला सासरचे आडनाव लावण्यात आनंद वाटतो, तिला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही आणि कोणत्याही चळवळीला नाही. माझे भांडण त्या आनंदाशी नाही, तो आनंद आहे असे परस्पर धरून चालण्याशी आहे. काही मुली पंधरा दिवस रडून कागदावर सही करतात आणि नंतर तेच ‘तिच्याच मर्जीने झाले’ म्हणून सांगितले जाते. विचारण्याची पद्धतही तशीच असते. सासू, नणंद, नवरा सगळे बसलेले असताना ‘बदलायचे ना?’ असे विचारणे म्हणजे विचारणे होत नाही.

तिसरे म्हणणे खास सीमाभागाचे आहे आणि ते मला सर्वांत जवळचे असल्यामुळे त्याचे उत्तर देणेही जड जाते. इथे मराठी शाळा, मराठी फलक, मराठी कागदपत्रे यांसाठीच झगडावे लागते, अशा वेळी घरातल्या रीतींवर वाद काढून समाजात फूट कशाला पाडायची, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. त्यांचा काळजीचा स्वर खोटा नाही. परंतु १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बदलले तेव्हा आपण काय म्हणालो होतो? त्याच वर्षी येळ्ळूर गावाचा ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक काढला गेला तेव्हा कशासाठी संताप केला होता? पिढ्यान्‌पिढ्या ज्या नावाने आम्ही स्वतःला ओळखतो ते आम्हाला न विचारता बदलू नये, हेच तर आपले म्हणणे होते. मी ते तेव्हाही मानले, आजही मानतो. गावासाठी जे तत्त्व खरे आहे ते गावातल्या मुलीसाठी खोटे ठरू शकत नाही. १ नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत ज्या बायका दरवर्षी उन्हात चालतात, त्यांनी हे तत्त्व स्वतःसाठी वापरले तर त्याने चळवळीचा दावा अधिक सच्चा होईल.

जमिनीची बाजू या सगळ्यात कमी बोलली जाते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्येच कायद्याने दिला, काही अटींसह का होईना. २००५ साली केंद्राने हिंदू वारसा कायद्यात तशीच दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. एवढे असूनही गावात वारसा नोंदवताना लेकींची नावे मागे पडतात. यामागे भावांची इच्छा हे मुख्य कारण आहे, ते नावाने बदलणार नाही. पण नावातील फरकामुळे त्या इच्छेला एक सोयीचे निमित्त मिळते: वंशावळीत एक नाव, आधारवर दुसरे, मग ‘कागद जुळत नाहीत, नंतर बघू’ असे सांगून वर्षे काढता येतात. शहराभोवतीच्या शेतजमिनींना आज मोठा भाव आहे आणि हलगा-मच्छे बायपाससारख्या रस्त्यांसाठी सुपीक जमिनी घेतल्या जाताना भरपाई उताऱ्यावर ज्याचे नाव त्याला मिळते. उताऱ्यावर नाव नाही आणि हातातले आधार भलत्या नावाचे, अशी लेक त्या रांगेत कुठे उभी राहणार? हक्कसोडपत्रावर सही घेताना मात्र हीच दोन नावे ‘ऊर्फ’ लावून अगदी सहज जुळतात. माहेरचे नाव कागदावर कायम राहिले तर लेकीचा वाटा आपोआप मिळेल असे मी म्हणत नाही, पण नाकारणाऱ्याच्या हातातील एक सबब तरी जाईल.

कायदा काय सांगतो याबद्दल गावोगावी गैरसमज आहेत, तेव्हा सरळ सांगायला हवे. लग्नानंतर स्त्रीने नाव किंवा आडनाव बदलावे असे सांगणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नावाविषयी अशी अट नाही. विवाहनोंदणी वेगळी आणि नावबदल वेगळा, नोंदणीमुळे नाव बदलत नाही. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी जाहीर केले. जगातही दोन्ही टोके दिसतात. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९८१ पासून स्त्रीने जन्मनावच वापरावे असा नियम आहे, तर जपानमध्ये पती-पत्नीचे आडनाव एकच असले पाहिजे असा कायदा असून तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो २०१५ आणि २०२१ मध्ये वैध ठरवला, आणि व्यवहारात आडनाव सोडावे लागते ते जवळजवळ नेहमी बायकोलाच. मला यांपैकी कोणतीच सक्ती नको आहे. आपल्या कायद्याने स्त्रीला मोकळे ठेवले आहे, बांधून ठेवले आहे ते रीतीने आणि खिडकीपलीकडच्या माणसाच्या सवयीने.

म्हणून बदल घडवायचा तो घरात, गावात आणि कचेरीत घडवावा लागेल. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कोणत्या कायद्याची वाट पाहिली नव्हती. लग्न झालेल्या मुलीला तिच्या लेखी मागणीशिवाय कोणत्याही नोंदीत नाव बदलायला सांगू नये, असा साधा ठराव बेळगाव, खानापूर, निपाणीकडील ग्रामसभा करू शकतात. कन्नड येत नसल्याने ज्या स्त्रियांचे नाव चुकीचे नोंदले जाते, त्यांच्यासोबत कचेरीत जाऊन नोंद होण्याआधीच ते वाचून खात्री करून देण्याचे काम युवक मंडळे आणि महिला मंडळे करू शकतात. ज्यांचे नाव आधीच बदलले आहे त्यांनी जुन्या नावाचा एकही कागद टाकून देऊ नये आणि माहेरच्या वंशावळीत आपल्या दोन्ही नावांची नोंद करून घ्यावी. सोयरीक ठरवताना मानपान, आहेर, मंगल कार्यालय यांची बोलणी होतात, त्याच बैठकीत मुलीच्या वडिलांनी ‘लेकीचे नाव तिचेच राहील, पुढे तिला बदलावेसे वाटले तर ती बदलील’ असे स्पष्ट सांगावे. मुलीने एकटीने सासरी हा विषय काढण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी आधी काढणे केव्हाही सोपे.

आणि पुढच्या पिढीचेही आत्ताच पाहावे. महाराष्ट्राने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आधी आईचे, मग वडिलांचे नाव येईल. विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचे नाव लावण्याची चालू पद्धत त्यात तशीच ठेवली, हे मला खटकते, आणि तो निर्णय सीमेअलीकडे लागूही होत नाही. पण मुलाचे नाव काय ठेवायचे हे ठरवायला इथल्या आईबापांना महाराष्ट्र सरकारची गरज नाही. जन्मनोंदणीत मुलाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. त्या अर्जात आईचे नाव लिहिताना तिच्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच अक्षरशः लिहावे, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही रूपे तिने स्वतः वाचून पाहावीत, आणि मगच वडिलांनी खाली सही करावी.